डोकी किती?

जानेवारीतली सकाळ. बाहेर गुडघाभर बर्फ. आठला दहा कमी असताना मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते, समोर नवरा त्याच्या लॅपटॉपवर आणि डॅलसचा दीर फोनवर. तिघांच्या स्क्रीनवर एकच पान होतं: अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं रॉकी माउंटन नॅशनल पार्क, ग्लेशियर बेसिन कॅम्पग्राउंड, ग्रुप साइट, म्हणजे मोठ्या गटाने तंबू ठोकायची जागा. आम्हाला जुलैच्या मध्यातल्या तीन रात्री हव्या होत्या. बुकिंगची खिडकी बरोबर सहा महिने आधी, माउंटन टाइमप्रमाणे सकाळी आठला उघडते आणि चांगल्या तारखा बघता बघता जातात. गणपतीसाठी कोकण रेल्वेचं तिकीट ज्याने काढलंय त्याला यात नवीन काही नाही. नवीन होतं ते एवढंच, की इथे जागा निवडायच्या आधी माणसं किती हे ठरलेलं लागतं. लहान ग्रुप साइट पंधरा जणांपर्यंत, मध्यम पंचवीसपर्यंत, मोठी चाळीसपर्यंत.

आणि आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आदल्या रात्री साडेअकराला आकडा होता सव्वीस.

सव्वीस म्हणजे मध्यमपेक्षा एक जास्त. त्या सव्वीसातले सात "जमलं तर नक्की" या वर्गातले. मराठीत "नक्की" हा शब्द "जमलं तर"च्या मागे लागला की त्याचा अर्थ काय होतो, हे मला त्या वर्षी नीट कळलं.

आधी हे सांगायला हवं की ग्रुप साइटपर्यंत आम्ही सरळ पोचलो नव्हतो. त्याआधीच्या खेपेला आम्ही शहाणपणा करून तीन साध्या जागा घेतल्या होत्या. साध्या जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं राहू शकतात. आम्ही एकोणीस होतो, म्हणजे तीन जागा पुरे, असं गणित. गणित बरोबर होतं, पण जागा शेजारी शेजारी मिळाल्या नाहीत. दोन एका लूपमध्ये, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या एका गोल रस्त्यावर, आणि तिसरी पार दुसऱ्या टोकाला. स्वयंपाक एकीकडे, लहान मुलं दुसरीकडे, आणि ज्यांच्याकडे सगळी ताटं-वाट्या होत्या ते तिसरीकडे. पहिल्या संध्याकाळी मी डोक्याला टॉर्च बांधून वरणाचं पातेलं घेऊन अंधारात चालत होते. शेवटी सगळे एकाच जागेवर जमले, गाणी सुरू झाली, आणि साडेनऊला रेंजरबाई आल्या. अगदी हसतमुखाने त्यांनी विचारलं, या जागेवर किती जण राहताय? एकोणीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, पण पाच मिनिटांत आपापल्या तंबूकडे जायला सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या जागेवरच्या मंडळींना आपल्याला वाळीत टाकलंय असं वाटायला लागलं होतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

पुढची खेप 2020 ची. ती आधी साथीने खाल्ली. शरदात निदान एक दिवस तरी जाऊन येऊ म्हणत होतो, तर ऑक्टोबरात कॅमेरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम हे दोन मोठे वणवे थेट पार्कात शिरले आणि पार्काशेजारचं एस्टेस पार्क गाव रिकामं करावं लागलं. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. आमच्या अंगणातल्या खुर्च्यांवर राख पडत होती.

तर सव्वीस. सकाळी सात पंचावन्नला मी निर्णय घेतला: मध्यम जागा. पंचवीस झाले की दार बंद. मोठी जागा घेऊन ठेवावी, माणसं वाढली तर बरं, असं दिराचं म्हणणं होतं. पण आमच्या मंडळींचा आकडा जानेवारीपासून जुलैपर्यंत फक्त खाली जातो हे मला ठाऊक होतं. आठ वाजून दोन मिनिटांनी नवऱ्याच्या स्क्रीनवर जागा आली. माझ्या स्क्रीनवर तोवर नुसतंच चाक फिरत होतं.

त्याच दिवशी ग्रुपवर मी संदेश टाकला: दरडोई वीस डॉलर, रविवारपर्यंत. पैसे आले की नाव यादीत, नाही आले तर नाही. हा संदेश लिहायला मला अर्धा तास लागला. आपल्या लोकांत पैसे मागणं म्हणजे नातं तोडणं. न्यू जर्सीच्या एका वहिनींनी मला वेगळा फोन करून विचारलं, "अगं, आमच्यावर विश्वास नाही का?" विश्वास होता, म्हणून तर फोनवर बोलत होते. पण रविवारी रात्री यादीत बावीस नावं होती, आणि ती बावीसच्या बावीस जुलैत तंबूत झोपली. सहा महिन्यांत मी केलेल्या सगळ्या नियोजनात हे वीस डॉलर सगळ्यात कामाचे ठरले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्याच असतील तर निदान लष्करात किती शिपाई आहेत हे माहीत हवं.

बावीस म्हणजे सहा कुटुंबं: आठ मुलं, तीन आजी-आजोबा, बाकीचे आम्ही. एका कुटुंबाला आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन यायचं होतं. ग्रुप साइटवर फक्त तंबू चालतात, म्हणून ते बारगळलं. दुसऱ्यांना कुत्रा आणायचा होता. कुत्रा कॅम्पग्राउंडमध्ये आणि रस्त्यावर साखळीने चालतो, पण पार्कच्या कुठल्याही पायवाटेवर चालत नाही, म्हणजे त्याच्यासोबत रोज एकजण मागे राहणार. पाळी कोणाची, यावर दोन दिवस चर्चा झाली आणि कुत्रा डेन्व्हरलाच राहिला. मला वाटतं, त्याचीच सुट्टी जास्त आरामात गेली.

मे महिन्यात मी आणि नवरा जागा बघून यायला गेलो. सगळ्यांना हा अतिरेक वाटला. पण पान उघडून फोटो बघणं आणि जागेवर उभं राहणं यात फरक असतो. ग्लेशियर बेसिन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दाट देवदार होते. प्रत्यक्षात ग्रुप साइटचा भाग म्हणजे उघडं माळरान. तिथल्या पाइनना खोडकिड्याने पोखरलं, वाळलेली झाडं लोकांच्या तंबूंवर पडू नयेत म्हणून तोडून टाकावी लागली. समोर डोंगरांची रांग मात्र अशी दिसते की बघत राहावं. पण डोक्यावर सावली नाही, आणि 8,500 फुटांवरचं ऊन म्हणजे पातळ हवेतून थेट येणारं ऊन. तीन आजी-आजोबा दुपारी बसणार कुठे? त्या एका फेरीने दोन मोठ्या ताडपत्र्या, सहा खांब आणि लांब खुंट्या यादीत आल्या. संडास आहेत, प्यायच्या पाण्याचे नळ आहेत, आंघोळीची सोय नाही, वीज नाही, फोनला रेंज जवळजवळ नाही. ग्रुपवर हे टाकल्यावर सगळ्यात जास्त चर्चा आंघोळीवर झाली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, तीन दिवसांचा प्रश्न एका वाक्यात मिटवला: "पंढरीला चालत जाणारे काय गीझर घेऊन जातात?"

उंचीचा प्रश्न मात्र असा मिटत नाही. कळसूबाई 1,646 मीटर. आमचे तंबू जवळजवळ 2,600 मीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्याही आणखी साडेनऊशे मीटर वर आम्ही झोपणार होतो. डेन्व्हरवाल्यांना 1,600 मीटरची सवय असते. न्यू जर्सीवाले मात्र थेट समुद्रकिनाऱ्यावरून येणार. म्हणून मी हट्ट धरला की बाहेरगावच्या सगळ्यांनी आदल्या रात्री आमच्याकडेच मुक्काम करायचा. चौदा माणसं आमच्या घरात, हॉलमध्ये गाद्या पसरून. कॅम्पिंग खरं तर तिथूनच सुरू झालं. पहिल्या दिवशी डोंगरावर काहीही चढायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं, संध्याकाळी फक्त स्प्रेग लेकभोवती फेरी. तो रस्ता सपाट आहे, पाऊण मैलाच्या आसपास, व्हीलचेअरही जाते. एवढं करूनही न्यू जर्सीच्या काकांचं डोकं पहिली रात्रभर ठणकत राहिलं. ते सकाळी म्हणाले, "मला वाटलं तुम्ही मंडळी उगाच बाऊ करताय." त्यांनी त्या दिवशी कॉफीऐवजी दोन लिटर पाणी प्यायलं आणि दुपारपर्यंत माणसात आले.

प्रवेशाचं प्रकरण सोपं वाटलं आणि तिथेच फसलो. उन्हाळ्यात पार्कात शिरायला वेळ ठरवून परवानगी काढावी लागते, आणि बेअर लेक रोडचा पट्टा, जिथे ग्लेशियर बेसिन आहे, त्याची परवानगी आणखी वेगळी. आमच्या बुकिंगमध्ये ती धरलेली होती, म्हणून मी निर्धास्त. पण दुसऱ्या दिवशी बोल्डरमधलं एक ओळखीचं जोडपं "नुसतं दिवसभर येऊन जातो" म्हणाले. मीही "या की" म्हटलं. ते सकाळी साडेदहाला फाटकावर पोचले, आणि परवानगी नाही म्हणून परत फिरवले गेले. उरलेल्या परवानग्या आदल्या संध्याकाळी सुटतात, तेव्हा घ्यायला हवी होती; हे मला माहीत होतं, पण त्यांना सांगायचं राहिलं. ते बिचारे दिवसभर एस्टेस पार्कमध्ये एल्क नावाची मोठी हरणं बघत फिरले, कारण एल्कना परवानगी लागत नाही, ती गावातल्या गोल्फच्या मैदानावरही चरतात. संध्याकाळी सहानंतर, वेळेची अट संपल्यावर ते आले, आले ते थेट जेवायलाच. येताना त्यांनी दोन किलो आंबे आणले होते, त्यामुळे मी जास्तच ओशाळले.

आता स्वयंपाक. यावर मी पानंच्या पानं लिहू शकते.

कॅम्पिंगला जाणाऱ्या बहुतेक लोकांचं जेवण म्हणजे सॉसेज, बन आणि मार्शमेलो. आमच्याकडे आठ मुलांपैकी पाच ते आनंदाने खातील, पण आजी-आजोबांना संध्याकाळी वरणभात लागतो, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या रात्री आम्हा सगळ्यांनाच लागतो. अडचण अशी की त्या उंचीवर पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात पाणी खदखदत असतं, वाफ जात असते, आणि तुरीची डाळ आपली जशीच्या तशी. आधीच्या खेपेला उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला घेतली होती. दीड तास गॅस जाळून जे हाती आलं त्याला वरण म्हणायला धीर लागतो. तेव्हा या वेळी बाकी काही राहिलं तरी चालेल, दोन मोठे कुकर आले पाहिजेत, असं ठरलं. कुकर आतली वाफ कोंडतो म्हणून उंचीवर मात करतो. घरी चार शिट्ट्या लागतात तिथे आम्ही सहा दिल्या आणि डाळ लोण्यासारखी झाली. पहिली शिट्टी झाली तेव्हा पलीकडच्या जागेवरचे एक गृहस्थ दचकून उभे राहिले. मुलांनी जाऊन त्यांना समजावलं की बॉम्ब नाही, डाळ आहे. त्यांनी नंतर वाटीभर चाखली आणि कुकर कुठे मिळतो ते लिहून घेतलं.

शेगड्या दोन, प्रत्येकी दोन बर्नरच्या, प्रोपेनच्या टाकीवर चालणाऱ्या. कोणीतरी ब्यूटेनची छोटी शेगडी आणली होती, जी घरच्या पार्टीत उत्तम चालते. पहाटेच्या थंडीत ती फुरफुरली आणि विझली. ब्यूटेनला वायू व्हायला ऊब लागते, शून्याच्या आसपास तो डब्यात द्रवच होऊन बसतो. जुलैत तिथे शून्य होत नाही, पण पारा रात्री एक आकडी होतोच, आणि तेवढ्यानेही ज्योत रुसते. प्रोपेनला असलं काही वाटत नाही. लाकडं घरून आणायची नाहीत, हा नियम मी तीनदा ग्रुपवर लिहिला होता, कारण लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, आणि किडे काय करतात ते आमच्या उघड्या माळरानावर डोळ्यांसमोर होतंच. तरी एकाच्या डिकीत मागच्या हिवाळ्यातला घरचा ओंडका निघाला. तो तसाच परत गेला.

जेवणाचं वेळापत्रक मी कागदावर केलं होतं. प्रत्येक कुटुंबाला एक जेवण: सामान त्यांचं, शिजवणं त्यांचं, भांडी दुसऱ्या कुटुंबाची. "सगळे मिळून करू" यावर माझा विश्वास उरलेला नाही. सगळे मिळून करतात तेव्हा तीन बायका करतात आणि बाकीचे छान झालंय म्हणतात. पाळ्या लावल्यावर डॅलसच्या दिराने आयुष्यात पहिल्यांदा बावीस जणांचा पोह्यांचा अंदाज घेतला आणि चाळीस जणांचे पोहे केले. ते दुपारी चिवड्यासारखे खाल्ले.

अस्वलांचा विचार याच कागदावर खाली होता. कोलोरॅडोत आता काळी अस्वलंच आहेत. शेवटचं ग्रिझली 1979 मध्ये मारलं गेलं. काळं अस्वल सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, पण त्याचं नाक जबरदस्त आणि स्मरणशक्ती त्याहून. एकदा तंबूत खाऊ मिळाला की ते परत येतं, आणि माणसांच्या खाण्याला चटावलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा बंदुकीने होतो. म्हणून नियम असा, की वास येणारी प्रत्येक गोष्ट लोखंडी पेटीत नाहीतर काचा बंद केलेल्या गाडीत. नियम वाचताना आम्ही माना डोलावल्या. मग प्रत्यक्ष वास येणाऱ्या गोष्टी मोजायला बसलो: फोडणीचा डबा, लोणचं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, मुलांच्या खिशातल्या गोळ्या, आजींची खोबरेल तेलाची बाटली, देवपूजेच्या डब्यातली उदबत्ती, काकांची बडीशेप. खोबरेल तेलावरून थोडं झालं. आजींचं म्हणणं, अस्वलाला खोबरेल तेलाचं काय पडलंय, ते कधी कोकणात गेलंय? पण रात्री झोपायच्या आधी मी एक पिशवी घेऊन तंबूतंबूंतून फिरत असे, आणि दुसऱ्या रात्रीपासून आजी ती बाटली स्वतःहून पिशवीत टाकायला लागल्या. मग मुलांनी त्या फेरीला "जकात" असं नाव दिलं.

ही जकात जवळजवळ मोडली ती तिसऱ्या रात्री. मी सगळं बघितलं होतं, फक्त पंचांग बघितलं नव्हतं. त्या दिवशी संकष्टी होती आणि न्यू जर्सीच्या काकूंचा उपास. चंद्रोदय रात्री साडेदहाच्या पुढे, त्यात पूर्वेला डोंगर, म्हणजे चंद्र दिसायला आणखी उशीर. इकडे कॅम्पग्राउंडमध्ये रात्री दहानंतर शांतता पाळायची, आणि अन्नाची पेटी उघडताना तिचं दार असं करकरतं की मैलभर ऐकू जावं. काकू म्हणाल्या, मी फळांवर काढेन. पण ते कोणालाच बरं वाटेना. शेवटी कुकरमध्ये भात नऊलाच करून ठेवला, मोदकांऐवजी गूळखोबरं, आणि पावणेबारापर्यंत आम्ही सहाजणी कांबळी पांघरून डोंगराच्या कडेकडे बघत, कुजबुजत बसलो होतो. चंद्र आला तो एकदम, दिवा लावल्यासारखा. काकूंनी हात जोडले. मी पेटीच्या बिजागरीला आजींच्याच बाटलीतलं खोबरेल तेल लावून ठेवलं होतं. आवाज झाला नाही.

त्याच दिवशीची दुपार मात्र इतकी गोड नव्हती.

बेअर लेकपासून एमराल्ड लेकपर्यंत जायचं होतं. वाटेत निम्फ आणि ड्रीम अशी दोन तळी लागतात. एका बाजूने दोन मैलांपेक्षा कमी अंतर, चढ साडेसहाशे फुटांच्या आसपास. शेवटचं तळं 10,110 फुटांवर. गाड्यांची भानगड नव्हती, कारण कॅम्पग्राउंडच्या समोरच शटल बसचा थांबा आहे. त्या भागात जुलैत दुपारी ढग येतात आणि विजा पडतात. हे क्वचित होत नाही, जवळपास रोजचंच असतं. म्हणून पहाटे साडेसहाला निघून बाराच्या आत खाली यायचं ठरलं होतं. निघालो सव्वानऊला. बावीस माणसं, दोन ठिकाणचे संडास आणि एक हरवलेला बूट, याचं उत्तर सव्वानऊच येतं. आता मी बेरीज करतानाच ते धरते.

ड्रीम लेकवरून परत उतरताना गडगडलं. मग गारा. हरभऱ्याएवढ्या, पण टोपीवर टकटक वाजणाऱ्या. सगळे घाईघाईने खाली आले आणि बेअर लेकच्या थांब्याशी मी डोकी मोजली. वीस. पुन्हा मोजली. वीस. नवऱ्याने मोजली, त्याची एकवीस आली, कारण त्याने मला दोनदा धरलं होतं. बाबा नव्हते, आणि माझ्या नणंदेचा सात वर्षांचा मुलगा नव्हता.

फोनला रेंज नाही. पाऊस, गारा, आणि वर जाणारी वाट रिकामी होत चाललेली. नवरा आणि दीर परत वर पळाले. नणंद काही बोलत नव्हती, ते बघवत नव्हतं. मी तिथल्या रेंजरला गाठलं. त्याने शांतपणे विचारलं: शेवटचं कोणी, कुठे आणि किती वाजता पाहिलं? या तीन प्रश्नांना वीस... नव्हे, अठरा जणांकडे अठरा उत्तरं होती. कोणी म्हणालं ड्रीम लेकला फोटोत होते. कोणी म्हणालं, नाही, फोटोत नव्हते. मग सोळा वर्षांच्या पुतण्याला एकदम आठवलं: "आजोबा निम्फ लेकपासून मागे फिरले. छोटूचे पाय दुखत होते. मला म्हणाले, सांग सगळ्यांना." त्याने मान डोलावली होती, आणि कानात गाणी होती.

रेंजरने त्याच्या वॉकीटॉकीवर कोणाला तरी विचारलं, आणि आम्ही उरलेले पुढच्या बसने कॅम्पवर गेलो. ताडपत्रीखाली बाबा खुर्चीत बसून चहा पीत होते, छोटू त्यांच्या शेजारी पारले बिस्किटं बुडवत होता. बाबांनी एकट्याने शेगडी पेटवली होती. त्यांना आमचे चेहरे बघून काही कळेना. "मी निरोप दिला होता की," ते म्हणाले, आणि खरंच दिला होता. नवरा आणि दीर तासाभराने भिजून आले. त्या संध्याकाळी माझ्यात आणि नवऱ्यात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर दर चालीला एकजण सगळ्यांच्या पुढे आणि एकजण सगळ्यांच्या मागे, दोघांची नावं आधी ठरलेली. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. वाटेतून परत फिरायचं असेल तर दोन मोठ्या माणसांना सांगायचं, त्यातला एक हा मागचा. मुलांच्या गळ्यात शिट्ट्या. आणि मोजणी प्रत्येक तळ्यापाशी, फक्त शेवटच्या थांब्यावर नाही. हे नियम कुठल्याही पुस्तकात सापडतील. आमच्याकडेही ते मी केलेल्या कागदावर होतेच, चौथ्या पानावर. चौथं पान कोणी वाचलं नव्हतं, मी धरून.

निघायच्या दिवशी ट्रेल रिज रोडवरून पलीकडे जाऊन यायचं होतं. तो रस्ता 12,183 फुटांपर्यंत चढतो, झाडं खाली राहतात आणि वर नुसतं गवत, दगड आणि वारा. आजी-आजोबांना तिथे न्यावं की नाही यावर मतभेद होते. शेवटी गाडीतूनच नेलं, वर दहा मिनिटं उतरले आणि परत. बाबांनी एक मार्मट पाहिला आणि बराच वेळ तो घुशीचा कोण लागतो यावर बोलत राहिले.

हिशोब आठ दिवसांत मिटला, कारण पैसे आधी घेतलेले होते. उलट दरडोई काही डॉलर परत गेले, आणि न्यू जर्सीच्या वहिनींनी त्याचं कौतुक केलं. मिटली नाही ती भांडी. सहा घरांची स्टीलची भांडी एका नळावर, अंधारात, दुसऱ्याच कुटुंबांनी घासलेली. घरी आल्यावर महिनाभर ग्रुपवर फोटो पडत होते: ही वाटी कोणाची, हा डाव कोणाचा, हे झाकण आमचं नाही. आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरायची पद्धत होती तिचा त्या महिन्यात खूप उपयोग झाला. एक तांब्या पोस्टाने डॅलसला गेला, दोन डबे बोल्डरला.

एक पातेलं मात्र अजून आमच्याकडेच आहे, मध्यम, जाड बुडाचं, वरणाला उत्तम. काठावर सुबक अक्षरांत कोरलंय: वास्तुशांतीप्रीत्यर्थ सप्रेम भेट, 12-5-1988. सहाही घरांत विचारून झालं. 1988 च्या मे महिन्यात कोणाच्याच घरी वास्तुशांत झालेली नाही.